जीपीएसच्या ‘रिचार्ज’ला गेलेले ९,७०० रुपये

जीपीएसला रिचार्ज नसतं. अमेरिकेच्या उपग्रहांचा सिग्नल सगळ्या जगाला फुकट आहे. लायसन नाही, व्हॅलिडिटी नाही. हे आता मला चांगलं पाठ झालंय, ९,७०० रुपये मोजून.

जुलै अखेर होती. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठणार, म्हणून जेटीवर इंजिन, जाळी, डिझेल अशी सगळ्यांचीच धावपळ. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस बोटी-बोटींवर ‘जीपीएस सेटिंग’ करत फिरत होता. शेजारच्या बोटवाल्याने त्याच्याकडून काम करून घेतलेलं, म्हणून मीही बोलावलं. माझा सेट जुना, तारीख २००५ चा डिसेंबर दाखवायचा. त्याने नेमकं तेच पकडलं. “बघा शेठ, सॅटेलाइटचं लायसन संपलंय. भर समुद्रात बंद पडेल.” सेटिंगचे ३,२००, रिचार्जचे ६,५००. क्यूआर कोड कुठल्याशा मोबाइल दुकानाच्या नावाचा.

डोकं आपटावंसं वाटतं ते इथे. त्याच पडद्यावर आमची बोट जेटीला लागलेली दिसत होती, अक्षांश-रेखांश बरोब्बर. लायसन संपलं असतं तर ते आकडे आले कुठून? बोट चालवणारा आमचा तांडेल म्हणालासुद्धा, “दादा, मशीन तर चालतंय.” मीच त्याला गप्प केलं. पण मला सांगा, मोबाइलला रिचार्ज, टीव्हीला रिचार्ज, मग हेच खोटं कसं वाटावं? तारखेचं कारण नंतर कळलं. जीपीएस आठवडे मोजतं आणि १,०२४ आठवडे भरले की पुन्हा शून्यावर येतं. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं आणि कितीतरी जुन्या सेटांची तारीख वीसेक वर्षं मागे गेली. तारीख चुकते, जागा नाही!

एवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसलो असतो. त्याने सेट रिसेट मारला आणि सेटमध्ये साठवलेले जागांचे सगळे पॉइंट उडाले. पाण्याखालची खडपं (खडक), बुडालेल्या बोटी, वडिलांनी दाखवलेल्या मासळीच्या जागा, सगळं. (तुमचे पॉइंट वहीत उतरवले नसतील तर आजच उतरवा.) माझे अर्धे वहीत होते, ते पुन्हा भरले. तरी पंधरा वाव (साधारण नव्वद फूट) पाण्यात जाळं खडपावर अडकून फाटलं. ४१,००० रुपये. मेनूतला डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश कुठल्या मोजणीने धरायचे ते, त्याने जीपीएसच्या नेहमीच्या डब्ल्यूजीएस-८४ वरून भारताच्या जुन्या मोजणीवर, ‘इंडियन’वर, नेला होता. “आपण भारतातच ना शेठ!” म्हणून हसलाही होता. वहीतले आकडे डब्ल्यूजीएसचे, ते इंडियनवर भरले की आपल्या किनाऱ्याला जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. डेटम आधी तपासा, मग पॉइंट भरा.

पोलीस म्हणाले, ऑनलाइन पैसे दिलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर आला होता, तुम्ही राजीखुशीने दिलेत, ठाण्यात जा. मत्स्य कार्यालयात साहेब मीटिंगला. दुसऱ्या वेळी भेटले, तर म्हणे खासगी यंत्राशी आमचा संबंध नाही. आमचा एक कागद कमी असला की दंडाची पावती फाडायला मात्र यांचा संबंध येतो! जाळ्याचा पंचनामा करा म्हटलं, तर विचारतात, “वादळ झालं होतं का?” आता खडप उचलून टेबलावर आणून ठेवू?

पैसे गेल्याचं कळताच लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी सीझनच्या गडबडीत उशीर केला, तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते.

आणि एक. रिसेट मारण्याआधी त्याने सेटमध्ये स्वतःचं कार्ड घातलं होतं, ‘बॅकअप’ म्हणून. ते काही परत मिळालं नाही. तुमच्या बंदरात कुणी तयार पॉइंटचं कार्ड विकायला आला, तर त्याला चहा पाजून बसवून ठेवा आणि मला कळवा. त्यातली निम्मी खडपं माझी असतील.