‘शुद्ध चंदन’ म्हणून भुसा विकला, २,४४६ रुपये गेले. सावध राहा!

जाहिरात पाहून लेपासाठी घरपोच मागवलेली चंदन पावडर २०० ग्रॅम १,१९९ रुपये, कस्तुरी हळद १०० ग्रॅम ६४९, मंजिष्ठा (लेपात घालतात ती तांबडी मुळी) १०० ग्रॅम ४९९, वर डिलिव्हरीचे ९९. एकूण २,४४६ रुपये रोख मोजून घेतले. जाहिरातीत ‘आयुर्वेदिक परवाना’ ठळक अक्षरांत, पाकिटावर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, उत्पादकाचा पत्ताही नाही. पण पैसे दिल्याशिवाय कुरियरवाला बॉक्स फोडू देतो का?

पाकीट कापताच सुगंधाचा भपकारा आला, तिथेच ओळखायला हवं होतं! चंदनाची कोरडी पूड अशी घमघमत नाही. तिचा वास मंद असतो, पाण्यात कालवल्यावर खुलतो आणि बराच वेळ टिकतो. हा वास लेप वाळायच्या आत उडाला, मागे उरला ओल्या भुशाचा. स्वस्ताला भुललो म्हणावं तर किलोला सहा हजारांचा भाव पडला. पन्नास-साठ रुपयांना १०० ग्रॅम मिळते तिची तर गोष्टच सोडा.

कस्तुरी हळद फिकट असते, कापरासारखा वास येतो, त्वचेवर फारसा डाग पडत नाही. यांची भडक पिवळी, साबणाने धुऊनही बोटं पिवळीच. कुठलीही हळद ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका, ढवळू नका. चांगली पूड तळाला बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळला असेल तर पाणी लगेच गडद होतं. मंजिष्ठेवर लिंबू पिळलं तर फसफसली, म्हणजे खडूची भुकटी!

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात म्हणाले, माल मिळालाय ना, मग ग्राहक मंचात जा. औषध खात्याच्या कार्यालयात म्हणाले, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणा. अहो, तो छापलेलाच नाही, हीच तर तक्रार आहे! विनापरवाना आयुर्वेदिक औषध बनवून विकणं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने गुन्हा आहे, आणि पुरावा ग्राहकाने गोळा करायचा? नमुना घ्या म्हटलं, तर फोडलेलं पाकीट चालत नाही.

म्हणून एक पाकीट सीलबंदच ठेवा, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. चंदन खोडाचा तुकडा घेऊन सहाणेवर उगाळा, मंजिष्ठेच्या काड्या आणून घरी कुटा. नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा. आणि सात दिवसांत गोरं करणारी पूड असेल तर हातही लावू नका, अशा मालात स्टेरॉइड किंवा पारा असू शकतो.