आधी मुंढा, मग रुबाब

तयार कोट घालून आरशासमोर नुसता उभा राहिलो की मी बरा दिसायचो. हात वर केला की अख्खा कोट कानांकडे सरकायचा, आणि मग दिवसभर कॉलर खाली ओढ, पल्ले सारखे कर. सारखा स्वतःला चाचपणारा माणूस कितीही भारी कापडात असो, भारदस्त वाटत नाही. म्हणून शेवटी या टेलरकडे शिवून घेतला.

हे गृहस्थ आधी मुंढा बघतात, म्हणजे बाही जोडतात तो बगलेचा गोल काप. मुंढा बगलेशी वर घेतला की हात मोकळा हलतो आणि कोट जागचा हलत नाही. ऐकायला उलटंच वाटतं! तयार मालात तो खोल ठेवतात, कारण एकच कोट अनेकांच्या अंगात शिरला पाहिजे. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशीच संपली पाहिजे, यावरही ते हटून बसतात. कंबर मागाहून आत-बाहेर करता येते. खांदा उसवायचा म्हणजे मोठंच काम.

मापं घेताना आकडे मोठ्यानं पुकारत नाहीत, हे मला फार आवडलं. माझ्या पोटाचा घेर इतर गिऱ्हाइकांना कळायचं काही कारण नाही. माझा उजवा खांदा उतरता आहे, हेही त्यांनी बोलून दाखवलं नाही. ट्रायलला त्या बाजूचं पॅड जरा जाड दिसलं, तेव्हा मला कळलं.

आतलं अस्तरामागचं कापड चिकटवलेलं की टाचलेलं, हे विचारून घ्या. चिकटवलेलं स्वस्त पडतं, पण गोंद सुटला की छातीवर फुगे येतात. मी घोड्याच्या केसांचा कॅनव्हास टाचून घेतला. तो वापरता वापरता छातीच्या आकाराला बसतो.

तक्रारी आहेत. कबूल केलेल्या तारखेला कोट तयार नव्हता (निरोप मात्र त्यांनी आपणहून, आदल्या दिवशीच दिला). अस्तराच्या नमुन्यांत मळकट तपकिरी आणि भडक जांभळा यांच्या मधलं काही नाही. ट्रायलच्या खोलीत पाठ दिसेल असा दुसरा आरसा हवाच.

आता मीटिंगमध्ये माझे हात टेबलावर राहतात. खालचं बटण उघडं ठेवायला त्यांनी बजावलंय, पुढचा भाग तसाच कापलेला असतो म्हणे. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात असेल तर मात्र इथे जाऊ नका.