सप्टेंबरचे शनिवार: सीसीआयडब्ल्यू की वायॅक?

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल, लाइल, ऑरोरा या पट्ट्यात राहणाऱ्या आणि डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या एका स्तराच्या, खेळाची गोडी लागलेल्या माणसाला ऑगस्ट संपता संपता एक निवड करावी लागते. घराजवळची सीसीआयडब्ल्यू, म्हणजे नॉर्थ सेंट्रल, व्हीटन, ऑगस्टाना वगैरेंची लीग धरायची, की राज्याची हद्द ओलांडून विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर, ला क्रॉस वगैरेंची डब्ल्यूआयएसी, जिला सगळे वायॅकच म्हणतात? दोन्हींच्या मागे सारखंच लागणं जमत नाही. शनिवार एकच, बहुतेक सामने दुपारी एकच्या सुमाराला, आणि त्यातच गणपतीचे दिवस. मंडळाचा कार्यक्रमही बहुधा शनिवारीच येतो. आरती की किकऑफ, हा वाद ज्याने त्याने आपापल्या घरी मिटवावा.

डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, साखळीत दहाच सामने असतात, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेलच. प्रश्न कुठली लीग चांगली हा नाहीच. दोन्ही देशातल्या सर्वांत तगड्या लीगमध्ये मोडतात. प्रश्न असा, की सप्टेंबरातले निकाल वाचून हंगामाचा अंदाज बांधायचा असेल तर कुणाच्या निकालांतून हाती काही लागतं?

आधी नेपरव्हिलची बाजू, कारण ती हलकी नाही. नेपरव्हिलच्या नॉर्थ सेंट्रलने २०१९, २०२२ आणि २०२४ अशी डिव्हिजन थ्रीची तीन विजेतेपदं मिळवली. २०२१ आणि २०२३ मध्येही ते स्टॅग बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोचले होते. २०२३ ला कोर्टलंडकडून ३८-३७ असे एका गुणाने हरले. असा संघ मेट्राच्या, म्हणजे शिकागोच्या लोकल गाड्यांच्या, बीएनएसएफ मार्गावर, नेपरव्हिल स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर खेळतो. गाडी नको, पार्किंगची कटकट नको. त्यांचा धावता खेळ जवळून पाहावा असा आहे. चेंडू सुटण्याआधीच पुढची फळी अशी सरकते की समोरच्या लाइनबॅकरचं (मागच्या ओळीतल्या बचावपटूचं) पहिलं पाऊल चुकीच्या दिशेला पडतं, आणि तेवढ्या पावलात सहा यार्ड निघतात. हे टीव्हीवर कळत नाही, मैदानाच्या टोकाला बसलं की कळतं. शेजारच्या व्हीटनशी होणारी लिटल ब्रास बेलची लढत तर चुकवू नयेच.

व्हाइटवॉटर नेपरव्हिलहून गाडीने साधारण दोन तासांवर आहे, आणि तिथे रेल्वे जात नाही. ला क्रॉस, रिव्हर फॉल्स, ओ क्लेअर ही गावं तर त्याहून कितीतरी लांब. म्हणजे वायॅक धरायची ठरवली तर व्हाइटवॉटरचे घरचे सामने प्रत्यक्ष पाहायचे आणि बाकीचे पडद्यावर. सोयीच्या बाबतीत सीसीआयडब्ल्यू सरळ जिंकते, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण आता वेळापत्रक उघडा. दहा सामन्यांतून लीगचे सामने वजा केले की जे उरतं ते लीगबाहेरचे. २०२४ च्या हंगामात सीसीआयडब्ल्यूत दहा संघ होते. प्रत्येकाचे लीगचे सामने नऊ, बाहेरचा उरला एक. वायॅकमध्ये आठ संघ, लीगचे सात सामने, बाहेरचे तीन. एकूण हिशोब केला तर सीसीआयडब्ल्यू बाहेरच्या जगाशी दहा सामने खेळते, वायॅक चोवीस. लीगमधल्या सामन्यात एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच, त्यामुळे सगळ्या लीगची बेरीज नेहमी निम्मे विजय, निम्मे पराभव. ही लीग त्या लीगच्या वर की खाली, हे फक्त बाहेरच्या सामन्यांतून ठरतं. दहा धाग्यांवर टांगलेला अंदाज आणि चोवीस धाग्यांवर टांगलेला अंदाज यांत फरक पडणारच. न्यू इंग्लंडच्या नेस्कॅक या लीगमध्ये तर आतापर्यंतच्या पद्धतीत नऊच सामने, तेही सगळे आपापसात, त्यामुळे तिथले निकाल कशाशीच ताडून पाहता येत नाहीत.

पारडं मुख्यतः फिरलं ते मात्र पुढच्या गोष्टीमुळे. सीसीआयडब्ल्यूचा तो एकमेव बाहेरचा सामना साधारण पहिल्याच आठवड्यात येतो, आणि हंगामातला सर्वांत फसवा सामना तोच असतो. खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पहिल्यांदाच पडत असते. पंटसाठी, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्याकडे सोपवण्यासाठी, चेंडू मागे फेकणारा खेळाडू नवा असतो, त्याची फेक अर्धा फूट वर गेली की पंट अडवला जातो. क्वार्टरबॅक आणि त्याच्याकडे चेंडू देणारा सेंटर यांचं जमलेलं नसतं, म्हणून चेंडू निसटतो. उकाड्यात पेटके येऊन चौथ्या क्वार्टरमध्ये कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) बाहेर जातो आणि पर्यायी खेळाडूच्या डोक्यावरून ऐंशी यार्डांचा टचडाउन जातो. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण इथे हाती येणारं एकच शीत अर्धकच्चं असतं. त्यानंतर लीग सुरू होते आणि नॉर्थ सेंट्रलचे पन्नास-साठ गुणांनी जिंकलेले सामने येऊ लागतात. त्यांतून काय समजायचं? संघ भारी आहे की समोरचे कच्चे, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. ऑक्टोबरभर तीच तऱ्हा, आणि खरं उत्तर प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, नोव्हेंबरच्या शेवटी. लीग हातात धरून आठ-नऊ आठवडे अंधारात बसायचं, हे कंटाळवाणं वाटतं. निदान मला तरी वाटलं.

एकाच प्रतिस्पर्ध्याच्या आधाराने दोन्ही बाजू ताडून पाहता येतील असं उदाहरण २०२२ चं. सप्टेंबरात व्हाइटवॉटरने आपल्या पर्किन्स स्टेडियमवर आदल्या हंगामाच्या विजेत्या मेरी हार्डिन-बेलरला २८-२४ असं हरवलं. टेक्सासचा संघ विस्कॉन्सिनात आणि तोही सप्टेंबरात, असा योग वायॅकच्या वेळापत्रकातच बसू शकतो. त्याच मेरी हार्डिन-बेलरला नॉर्थ सेंट्रलने उपांत्य फेरीत सहज लोळवलं आणि पुढे विजेतेपदही नेलं. तेव्हा नॉर्थ सेंट्रल वरचढ होते, हे मान्यच. फक्त ते कळायला डिसेंबर उजाडावा लागला.

सप्टेंबरचा निकाल वाचायचा कसा, हेही इथे सांगायला हवं, नाहीतर तीन सामने मिळूनही उपयोग नाही. शेवटचा धावफलक शेवटी पाहावा. आधी तिसऱ्या क्वार्टरअखेरचे गुण. संघात शंभरावर खेळाडू असतात, निकाल लागला की दुसरी-तिसरी फळी मैदानात येते, आणि कधीकधी दोन्ही प्रशिक्षकांच्या संमतीने घड्याळही न थांबवता चालवलं जातं. त्यामुळे ४५-२१ मधले शेवटचे दोन टचडाउन बहुतेक वेळा बिनमहत्त्वाचे असतात. मग टर्नओव्हर, म्हणजे चेंडू समोरच्याच्या हाती जाणं, तेही नुसते किती हे न पाहता कुठे झाले ते. आपल्या वीस यार्डांच्या आत चेंडू गमावणं आणि समोरच्याच्या गोलजवळ गमावणं, दोन्ही एकच मोजले जातात, पण नुकसान सारखं नसतं.

धावण्याच्या यार्डांची एक गोम लक्षात ठेवावी. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच मागे पाडला गेला, की ते गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. समजा एखाद्या संघाच्या नावावर ३५ धावांत (चेंडू घेऊन पळण्याच्या प्रयत्नांत) १२० यार्ड आहेत. सरासरी साडेतीनच्याही खाली, म्हणजे धावता खेळ फसला असं वाटेल. पण त्यांत ५ सॅक आणि ३८ यार्डांचं नुकसान असेल, तर खऱ्या धावा ३० आणि यार्ड १५८. सरासरी सव्वापाचच्या वर जाते. धावता खेळ उत्तम चालला होता, पासच्या वेळी संरक्षण ढासळलं, असा त्याचा अर्थ. पुढच्या शनिवारी समोर चांगला पास-रश, म्हणजे क्वार्टरबॅकवर चालून जाणारी फळी, असेल तर नेमकं तिथेच बोट ठेवायचं. हुकलेले अतिरिक्त गुण आणि अडवलेले पंट वेगळे नोंदवावेत. किकिंगची दुखणी पहिल्या आठवड्यातली पुष्कळदा तिसऱ्यापर्यंत बरी होतात. तीन सामने पाहिले तर बरी झाली की नाही हे दिसतं, एकात दिसत नाही.

आता क्रमवारी. डी-थ्री-फुटबॉल या संकेतस्थळाची टॉप २५ ठरवायला २५ मतदार असतात. पहिल्या जागेला २५ गुण, म्हणून जास्तीत जास्त ६२५. क्रमांकापेक्षा गुणांतली दरी पाहावी. आठवा आणि नववा यांच्यात पाच गुण असतील तर ते एकाच पायरीवर आहेत, साठ असतील तर नाहीत. ऑगस्टची यादी मात्र गेल्या वर्षाच्या पुण्याईवर उभी असते, आणि जो हरत नाही तो जागेवरून हलत नाही. इथेही एका बाहेरच्या सामन्याच्या लीगला फायदा मिळतो. हरायची संधीच कमी. वायॅकचा संघ सप्टेंबरात चांगल्या संघाकडून तीन गुणांनी हरला की खाली घसरतो, आणि तेवढ्यात कुणीतरी दुबळ्यांना हरवत वर सरकतो. मतदारांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडेही शनिवार एकच असतो.

प्लेऑफच्या निवडीत २०२४ पासून एनपीआय हा संघांचा निर्देशांक आला. त्याच हंगामात प्लेऑफ ४० संघांचा झाला. लीग जिंकली तर थेट प्रवेश, उरलेल्या जागा या निर्देशांकाच्या क्रमाने. त्यात विजयाचं अंतर धरत नाहीत. जिंकलं की हरलं आणि समोर कोण होतं, हेच मुख्यतः बघतात. म्हणून साठ गुणांच्या विजयाला तिथे वेगळी किंमत नाही. सप्टेंबरात एनपीआयचा आकडा पाहू नये, संघांना जोडणारे सामनेच तोवर पुरेसे झालेले नसतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून त्याला अर्थ येतो.

वायॅकची एक खोट मात्र सांगायलाच हवी. या लीगशी खेळायला सहसा कुणी तयार होत नाही. तीन तारखा भरायच्या म्हणून कधी एनएआयए या वेगळ्या संघटनेचा, कधी वरच्या डिव्हिजन टूचा संघ बोलवावा लागतो, आणि डिव्हिजन थ्रीबाहेरचे सामने एनपीआयमध्ये मोजले जात नाहीत. त्यामुळे तिन्ही सामने मोलाचे असतीलच असं नाही. ऑगस्टमध्ये प्रत्येक संघाच्या तीन नावांपुढे खूण करून ठेवावी: डिव्हिजन थ्रीचा आहे का, असल्यास कुठल्या लीगचा. मिनेसोटाचा सेंट जॉन्स किंवा बेथेल, आयोवाचा वॉर्टबर्ग, ओरेगॉनचा लिनफील्ड किंवा टेक्सासचा एखादा संघ असेल तर तो शनिवार राखून ठेवावा. बाकीचे धावफलकावर वाचले तरी चालतात. प्रवासही ध्यानात घ्यावा. विस्कॉन्सिनचा संघ टेक्सासच्या उन्हात दुपारी खेळून दहा गुणांनी हरला असेल, तर त्या पराभवाला घरच्या मैदानावरच्या पराभवाइतकं धरू नये.

सप्टेंबरचा धक्का कधी पुढचं खरं सांगून जातो याचंही उदाहरण याच लीगमध्ये आहे. सलग तीन विजेतेपदं आणि सलग ४६ विजय घेऊन आलेल्या व्हाइटवॉटरला २०१२ च्या सप्टेंबरात बफेलो स्टेटने ७-६ असं हरवलं. अपघात म्हणून सोडून देता आलं असतं. पण सहाच गुण करणारं आक्रमण हा अपघात नव्हता. हंगाम ७-३ वर संपला, प्लेऑफ हुकला. पुढची दोन्ही वर्षं, २०१३ आणि २०१४, त्यांनी विजेतेपद मिळवलं, ती गोष्ट वेगळी.

वायॅकमध्ये आणखी एक सुख असं, की लीग सुरू होते तेव्हा सलग सात शनिवार कुणीही कुणाला हरवू शकतं. एकट्या व्हाइटवॉटरवरच ही लीग थांबत नाही. ओशकॉश २०१६ ला स्टॅग बोलला गेलं, ला क्रॉसकडे १९९२ आणि १९९५ ची विजेतेपदं आहेत, आणि २०२५ च्या हंगामाचं विजेतेपद रिव्हर फॉल्सने नेलं, तेही अंतिम सामन्यात नॉर्थ सेंट्रललाच हरवून. सीसीआयडब्ल्यूत वरच्या दोन-तीन संघांपलीकडे अशी दाटी दिसत नाही, असं आपलं माझं मत.

ज्याला दर आठवड्याला मुलांना घेऊन मैदानावर जायचंय, त्याने नेपरव्हिलच धरावं, त्याला पश्चात्ताप होणार नाही. ज्याला घरी बसून निकाल ताडून पाहण्यात रस आहे, त्याला वायॅक जास्त देईल. मधला मार्गही निघतो: सप्टेंबरचे पहिले तीन शनिवार वायॅकला द्यायचे, आणि सात सामन्यांची लीग सुरू होण्याआधी सहसा जो बाय (मोकळा आठवडा) येतो, त्या शनिवारी नॉर्थ सेंट्रल घरी खेळत असेल तर मेट्राने नेपरव्हिल गाठायचं. लिटल ब्रास बेलची तारीख मात्र आधी पाहून ठेवा, ती त्याच शनिवारी येईल याची खात्री नसते.