एक बटण आणि दोन टेबलं: यूएसबी शेअरिंग स्विच

घरात कॉम्प्युटर दोन आणि प्रिंटर-स्कॅनर एकेकच असेल, तर हा डबा घ्यायला हरकत नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून ७८० रुपयांना आणला. खोक्यावर कंपनीचं नाव शोधूनही सापडत नाही. नुसतं ‘यूएसबी शेअरिंग स्विच’ छापलंय आणि मागे एक आकृती. आत काडेपेटीहून जरासा मोठा काळा डबा. पुढे चार यूएसबी पोर्ट, मागे प्रिंटरला असतात तसे दोन चौकोनी पोर्ट, वर बटण, आणि १ व २ असे दोन हिरवे दिवे. मागचे दोन पोर्ट दोन कॉम्प्युटरना जोडायचे. बटण दाबलं की पुढे लावलेल्या चारही वस्तू एका मशीनवरून सुटतात आणि दुसऱ्याला लागतात. एवढंच काम आहे, ते तो चोख करतो.

रामबागेतल्या जुन्या घरात आम्हा नवरा-बायकोचं टॅक्सचं काम चालतं, दोन टेबलं, शेजारशेजारच्या खोल्यांत. मी जीएसटी आणि टीडीएस बघते, हे इन्कम टॅक्स आणि ऑडिट. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. ‘ट्वेल्व ए’चं टोनर इंदुरात कुठेही भरून मिळतं, म्हणून तो बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. पण त्याला वाय-फाय नाही, लॅन म्हणजे नेटवर्कची वायर लावायची सोय नाही, जे काही आहे ते यूएसबी. स्कॅनरही यूएसबीचाच, त्याला वीजसुद्धा त्याच वायरीतून मिळते. आणि तिसरी वस्तू डिजिटल सहीचं टोकन, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं. कंपनी किंवा एलएलपीचं (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं) काम असलं की क्लायंट आपलं टोकन खिशात घालून येतो आणि ज्याचं टेबल मोकळं त्याच्यासमोर बसतो.

प्रिंटर विंडोजमधूनच शेअर होतो की, असं कुणीही म्हणेल. होतो, आमच्याकडेही वर्षानुवर्षं तसाच होता. पण प्रिंटर ज्या मशीनला लावलाय ते चालू असायला लागतं. हे जेवायला उठले, मशीन स्लीपमध्ये गेलं, की माझं चलन रांगेत पडून. शिवाय २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची सुरक्षेची भानगड निघाली. छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली ती फट बुजवणारी अपडेटं आली आणि कितीतरी ऑफिसांतले शेअर केलेले प्रिंटर जोडणी नाकारायला लागले. आणि स्कॅनरचं काय? विंडोज प्रिंटर शेअर करतं, स्कॅनर करत नाही. ऑल-इन-वन मशीन यूएसबीने लावून शेअर केलं तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फक्त छापता येतं. आमच्या धंद्यात छापण्यापेक्षा स्कॅनच जास्त, त्यामुळे हा डबा आणावाच लागला.

यूएसबीचा नियम असा की एका वस्तूचा मालक एका वेळी एकच कॉम्प्युटर. स्विच तो नियम मोडत नाही, फक्त वायर उपसून दुसरीकडे लावायचं काम हाताऐवजी आतल्या आत करतो. म्हणून बटण दाबल्यावर एका खोलीत विंडोजचा वस्तू निघाल्याचा आवाज येतो, दुसऱ्या खोलीत लागल्याचा. तीन-चार सेकंदांत प्रिंटर तयार. ड्रायव्हर मात्र दोन्ही मशीनवर आधी टाकून ठेवायचे, टोकनचा धरून. पेन ड्राइव्हवर कॉपी चालू असताना बटण दाबलं, तर चालू कॉपीत तो उपटल्यासारखंच होतं. सहीच्या मध्ये दाबलं, तर पोर्टल टोकन सापडत नाही म्हणून ओरडतं आणि पिन पुन्हा. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची शेवटची तारीख २०, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे हे असं:

“अहो, घेतेय हं प्रिंटर.”

“थांब, सही चाललीय.”

“किती वेळ? बाहेर भंडारीकाका बसलेत.”

“बसू दे. चहा दे त्यांना.”

यावर स्विचकडे इलाज नाही.

आता खोड्या. सोबत आलेल्या दोन वायरी अगदी रद्दी, पातळ आणि आखूड. दीड मीटरच्या बऱ्यापैकी प्रिंटर केबल वेगळ्या घ्याव्या लागल्या. यूएसबी २.० ची वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नये, तेव्हा टेबलं दोन टोकांना असतील तर हा विचार सोडा. दुसरं म्हणजे वीज. चार पोर्ट दिसतात, पण ते सगळे मिळून कॉम्प्युटरच्या एकाच पोर्टवर जगतात. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. प्रिंटरला स्वतःची वीज असते, त्याचा प्रश्न नाही. पण स्कॅनर आणि पोर्टेबल हार्ड डिस्क एकदम लावली की डिस्क टक्-टक् करत बसते, दिसतच नाही. डब्याच्या कुशीत ५ व्होल्टची एक बारीक जागा आहे, तिथे मोबाइलचा जुना चार्जर लावला की तक्रार मिटते. चार्जर खोक्यात देत नाहीत.

की-बोर्ड आणि माऊस आम्ही यावर घेतलेच नाहीत, माणसं दोन असल्यावर ते दोन हवेतच. एकाच माणसासमोर दोन मशीन असतील तर त्यासाठी पैसे घालवू नका. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या साधनांच्या संचात २०२३ पासून ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ फुकट मिळतं. एकाच नेटवर्कवरचे चारपर्यंत कॉम्प्युटर जोडता येतात, माऊस पडद्याच्या कडेवरून सरळ दुसऱ्या मशीनवर जातो, कॉपी-पेस्टही जातं. मात्र फाइल एका वेळी एकच आणि १०० एमबीच्या आतली. विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे बायोसमध्ये शिरायचं असेल तर खरा की-बोर्डच लावायला लागतो.

दुकानदार म्हणाला होता, “मैडम, फ़ाइल भी इसी से हो जाएगी.” नाही होत. म्हणजे पेन ड्राइव्ह लावून इकडून तिकडे बटण दाबत राहिलं तर होते, पण त्याला काही अर्थ नाही. फाइलींसाठी लॅनची वायर टाका. आमच्या दोन खोल्यांच्या मधली भिंत जुन्या काळची, चांगली दीड फुटाची, वाय-फाय पलीकडे जाईपर्यंत अर्धमेलं होतं. चौकटीच्या बाजूने भोक पाडून कॅट ६ जातीची लॅनची वायर नेली. राउटरचे पोर्ट तेवढे तपासा. १०० एमबीपीएसचे असतील तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर कॉपी जात नाही, गिगाबिट असतील तर ११० च्या आसपास. वर्षभराची स्कॅन केलेली बिलं हलवताना हा फरक चांगलाच जाणवतो.

घरातल्या मशीनमध्ये फाइली शेअर करायचं जुनं होमग्रुप २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकलं, ते शोधू नका. फोल्डरवर राइट क्लिक करून साधं शेअरिंगच पुरतं, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवलेलं असलं म्हणजे झालं. लोक अडकतात ते पासवर्डपाशी. रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडायची सवय, तोच पिन नेटवर्कवर टाकतात आणि तो चालत नाही. पिन त्या एका मशीनपुरताच असतो, शेअरला खात्याचा पासवर्ड लागतो. मी यांच्या मशीनवर एक वेगळं लोकल खातं काढलं, पासवर्ड दिला आणि ‘कागद’ नावाच्या फोल्डरची परवानगी फक्त त्या खात्याला दिली. गेस्ट म्हणून बिनपासवर्ड शिरायची सोय विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ या आवृत्तीपासून मुळातच बंद असते, आणि क्लायंटचे कागद असताना ती बंदच बरी.

एक्सेलची फाइल त्यांनी उघडी ठेवली असेल तर मला ती ‘रीड-ओन्ली’ उघडते. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा मात्र या फोल्डरात टाकून दोघांनी उघडायच्या भानगडीत पडू नका. टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एकाच माणसाचं, लॅनवर काम करायचं तर गोल्ड घ्यावं लागतं.

डब्याचं बटण डब्यावरच आहे आणि डबा यांच्या टेबलाच्या कडेला, त्यामुळे उठायला बहुतेक वेळा मलाच लागतं. लांब वायरीच्या टोकाला वेगळं बटण असलेला प्रकारही येतो, त्याच दुकानात दीडेकशे रुपये जास्त सांगत होते. घेणार असाल तर तो मागा.