चुंबक चिकटत नाही म्हणजे 304 नव्हे : साइड बॉक्स घेताना जपून

मोटारसायकलला हत्यारांसाठी स्टीलचा साइड बॉक्स बसवून घेणार असाल, तर दुकानदाराच्या खिशातल्या चुंबकावर जाऊ नका. नाशकातल्या एका ॲक्सेसरीजवाल्याने मला त्याच चुंबकाने गंडवलं.

माझं काम बोअरच्या मोटारी दुरुस्तीचं. सिडकोतून निघायचं, गिरणारे, त्र्यंबक, घोटीपर्यंत फिरायचं. पाइप पाना, रिंग पान्यांचा सेट, पक्कड, मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं मेगर, केबल जोडायचं सामान, सगळं गाडीवरच. त्र्यंबककडचा पाऊस काय असतो ते नाशिककरांना सांगायला नको, म्हणून सहज न गंजणारं 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच हवं असं ठरवूनच गेलो. पठ्ठ्याने लगेच चुंबक काढून झाकणाला लावलं. ते घरंगळून खाली पडलं. "बघा दादा, चिकटतंय का? प्युअर 304, 16 गेज. गंजाचं नाव नाही." भावही 304 चाच लावला.

मेख इथेच आहे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 या स्वस्त ग्रेडमध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवतात. पण चुंबक दोन्हींना चिकटत नाही! उलट अस्सल 304 जिथे वाकवलेलं असतं, त्या कोपऱ्यावर चुंबक किंचित धरतं. म्हणजे चोख माल नाकारायचा आणि हलका घ्यायचा, असाही प्रकार होऊ शकतो.

पहिल्याच पावसाळ्यात झाकणावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आले. दुकानदार म्हणाला, "वेल्डिंगजवळ येतंच हो." तेवढं खरं आहे. वेल्डिंगने काळवंडलेला भाग नीट साफ केला नाही, तर 304 सुद्धा तिथे गंजतं. पण माझे डाग झाकणाच्या मधोमध, वेल्डिंगचा संबंधच नाही. मग म्हणे, "आत लोखंडी पाने ठेवता ना?" पाने आत, गंज बाहेर. काय बोलणार!

शेवटी अंबडमधल्या एका फॅब्रिकेटर मित्राकडे गेलो. त्याने पत्र्यावर स्टील तपासायच्या केमिकलचा थेंब टाकून बॅटरीच्या वायरी टेकवल्या. बघता बघता थेंब लाल. मँगनीज जास्त, म्हणजे 202 सारखा, 200 सिरीजच्या ग्रेडचा माल. कुलपाच्या भोकापाशी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, तर पत्रा 1 मिमीसुद्धा भरेना. 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिमी हवा. ब्रॅकेटच्या बोल्टभोवती तडे का गेले, तेही तेव्हाच कळलं. एवढ्या पातळ पत्र्यावर हत्यारांचं ओझं आणि वर आपले खड्डे.

बिलावर नुसतं "एसएस बॉक्स, 1 नग". ग्रेड लिहा म्हटलं होतं, तेव्हा "सगळ्यांना असंच देतो" म्हणाला होता. तुम्ही "एसएस 304, 16 गेज" लिहून घ्याच. का-कू केली तर सरळ दुसरं दुकान गाठा. थेंबाची तपासणी पैसे देण्याआधी, बॉक्सच्या तळाला करून मागा. जास्त पैशांचं काम असेल तर सातपूर-अंबडकडच्या मेटल टेस्टिंग लॅबमध्ये तुकडा तपासून लेखी रिपोर्ट मिळतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, मी तक्रार नोंदवली आहे. तेव्हापासून दुकानदार फुकट पॉलिश करून देतो म्हणतोय. मी गाडी त्याच्याकडे नेलेली नाही. उद्या ग्राहक आयोगात गेलो तर माल प्रयोगशाळेत तपासायला जाऊ शकतो, आणि आयोगात तक्रार करायला 2 वर्षांची मुदत आहे. तोवर डाग तसेच ठेवलेत. तुमच्या बॉक्सचंही असंच झालं असेल, तर घासायच्या आधी फोटो काढा.