किएनबॉक : प्लास्टर की ऑपरेशन?

एमआरआयमध्ये किएनबॉक (मनगटातल्या लुनेट नावाच्या छोट्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार) निघाला की पुढे कोडं पडतं ते हेच: प्लास्टर घालून वाट बघायची, की रेडियस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याकडचं हाड, ऑपरेशननं आखूड करून घ्यायची? व्हिएन्नाच्या रॉबर्ट किएनबॉकनं १९१० साली हा आजार मांडला, तरी सगळ्यांना लागू पडेल असा एकच इलाज अजून ठरलेला नाही. त्यामुळं मी सांगतोय ते माझ्यापुरतं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर असतो, दुखणं उजव्या मनगटाचं. लुनेट दुसऱ्या टप्प्यात: रक्त तुटून एक्स-रेत पांढरी दिसायला लागलेली, पण आकार शाबूत. डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या. आधी प्लास्टर घेतलं.

चिरफाड नाही, खर्च कमी. पहिल्या टप्प्यात सापडलं किंवा पेशंट शाळकरी पोर असेल तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. दुखायचं माझंही कमी झालं, खोटं कशाला बोलू? पण आपल्याकडचा जुलै! वरचं फायबर टिकतं, आतला कापूस एकदा भिजला की वाळायचं नाव घेत नाही. जेवताना हात तोंडाजवळ नेला की तो कुबट वास.

तेही सोसलं असतं. नडलं ते मायक्रोमीटर, जॉबचं बारीक माप घ्यायचं साधन. बोटं मोकळी, पण मनगट वळत नाही, त्यामुळं थिंबल (त्याची फिरवायची नळी) फिरवताना मापाची रेषा डोळ्यासमोर येतच नाही. दर जॉबला शेजारच्या मशीनवरच्या पोराला हाक, ‘अरे, बघ की जरा!’ आणि एवढं करून पुढच्या एक्स-रेला उत्तर काय, तर ‘अजून थोडे दिवस बघू.’ तिथंच माझं मन प्लास्टरवरून उडालं.

ऑपरेशनात रेडियस साधारण २-३ मिलिमीटर कमी करून प्लेट-स्क्रू लावतात, लुनेटवरचा भार हलका होतो. अल्ना (रेडियसच्या शेजारचं, करंगळीकडचं हाड) मुळात आखूड असेल तर हे जास्त शोभतं, माझी होती. (भार कमी करायला मटेरियल काढायचं, हे लेथवाल्याला समजवावं लागत नाही.) हात बांधलेला इथंही राहतो, पण हाड जुळेपर्यंतच. थंडीत प्लेट ठणकते, मनगट पूर्ण मागं वाकत नाही. मायक्रोमीटर मात्र आता माझ्याच हातात असतो.

लुनेट खचून सांधा झिजला असेल तर हा हिशेबच वेगळा, तिथं दुसरी ऑपरेशनं असतात. आणि विडी-सिगारेट ओढत असाल तर तारीख घेण्याआधीच बंद करा. कापलेलं हाड जुळायला तिच्यामुळं उशीर होतो.