फ्युएल पंपावरचा आकडा खोटा निघाला: इथेनॉलसाठी फ्युएल सिस्टीम करून घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

पुण्यातल्या एका जुन्या ऑक्टेव्हिया १.८ टर्बोच्या मालकाने ई८५ (८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) वर ४०० हॉर्सपॉवर काढण्यासाठी अख्खी फ्युएल सिस्टीम नवी बसवून घेतली. बिलावर चार ओळी होत्या: इम्पोर्टेड पंप ४५० लीटर (तासाला), १००० सीसी (मिनिटाला) इंजेक्टर सेट, टेफ्लॉन लाइन, फ्लेक्स सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा). पार्ट नंबर एकाचाही नाही, जीएसटी क्रमांक नाही, पैसे गॅरेजवाल्याच्या खासगी यूपीआयवर घेतलेले. डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) एक कागद हातात दिला, तोही पेट्रोलवर आणि कमी बूस्टवर (टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबावर) काढलेला. ई८५ भरून गाडी पूर्ण बूस्टवर गेली आणि तिसऱ्या पिस्टनची रिंगजवळची कड तुटली. गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं: "तुमचं इथेनॉलच भेसळीचं असणार." सगळं उघडल्यावर पहिल्या तीन ओळी खोट्या निघाल्या. नकली माल याच चार ठिकाणी खपवला जातो, म्हणून प्रत्येक वस्तू कशी पकडायची ते इथे सविस्तर देत आहोत.

आधी हिशोब, कारण तो माहीत नसलेल्या गिऱ्हाईकालाच गाठतात. पेट्रोल जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई८५ ला साधारण ९.८ पट. म्हणजे तेवढ्याच हवेत ई८५ वजनाने दीडपट ओतावं लागतं. टर्बो इंजिनात एका हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ०.३८ किलो ई८५ धरा. ४०० हॉर्सपॉवरला १५२ किलो, म्हणजे तासाला १९५ लीटर झाले. वर २० टक्के राखीव ठेवली की २३५ लीटर. आता खरी मेख: हे २३५ लीटर कुठल्या दाबाला? रेलमध्ये (इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरना पुरवठा करणारी नळी) मूळ दाब ३ बार आणि बूस्ट १.७ बार असेल, तर पंपाला ४.७ बारच्या विरुद्ध ढकलायचं असतं. दाब वाढतो तसा प्रवाह घटतो. '२५५ लीटर' म्हणून सगळीकडे मिळणारा वॉल्ब्रो कंपनीचा अस्सल जीएसएस३४२ सुद्धा या दाबाला २०० लीटरच्या आसपासच येतो. त्यामुळे दाब आणि व्होल्टेज न सांगता कुणी नुसते 'लीटर' सांगत असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

वॉल्ब्रोचे पंप आणि बॉशचा ०४४ यांची जगभर खूप नक्कल होते. वॉल्ब्रोचा ४५० लीटरचा अस्सल पंप, पार्ट नंबर एफ९००००२६७, ओळखायला सोपा आहे: खालचा पंपाचा भाग ३९ मिलिमीटरचा, वरचा मोटरचा भाग ५० मिलिमीटरचा, म्हणजे अंगावर पायरी दिसते. या गाडीतून निघालेला पंप वरपासून खालपर्यंत सारखाच बारीक होता, वर ४५० चं स्टिकर. व्हर्नियर लावायला दोन मिनिटं लागतात, तेव्हा पंप टाकीत जाण्याआधी समोर मोजून घ्या. इथेनॉलसाठी कंपनीनेच मान्य केलेला पंप मागा. साधा २५५ ई८५ वर काही काळ चालतो, आणि 'चालतो की' म्हणून खपवला जातो.

माप घेण्याची पद्धत अशी. इंजिन बंद, पंप रिले जम्परने चालू, बॅटरीला चार्जर लावून पंपाच्या टोकांवर १३.५ व्होल्ट. रेग्युलेटरकडून (रेलमधला दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) टाकीकडे परतणारी नळी काढून मापाच्या कॅनमध्ये सोडा. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीला हातपंपाने हवेचा दाब देऊन रेलवर ४.७ बार आणा. ३० सेकंदांत किमान १.९५ लीटर जमायला हवं. या गाडीत १.२ लीटर जमलं, म्हणजे तासाला १४४ लीटर. कमी बूस्टवर, पेट्रोलवर एवढं पुरतं, म्हणून डायनोचा कागद सुंदर दिसला. हे माप उघड्यावर, हवेशीर जागी घ्या. इथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि साधा फोम तिच्यावर टिकत नाही. कार्बन डायऑक्साइडचा किंवा अल्कोहोलला चालणाऱ्या फोमचा अग्निशामक हाताशी हवा.

पंप अस्सल असूनही माप कमी भरलं तर वायरिंग बघा. मोठा पंप दाबाखाली १५ अँपियरच्या पुढे खेचतो, आणि कंपनीची बारीक वायर त्याला व्होल्टेज पोचू देत नाही. बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज, रिले आणि ४ ते ६ स्क्वेअर एमएमची वायर हवी. इंजिन चालू असताना बॅटरीवरचं आणि पंपावरचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरकाने वेगळं नको. टाकीच्या आत साधी पीव्हीसी वायर आणि साधी रबरी नळी अजिबात नको. आर९ छापाची नळी टाकीबाहेर ठीक, पण इंधनात बुडून राहणाऱ्या नळीवर आर१० लिहिलेलं असलं पाहिजे. आतली नळी फुगली की क्लॅम्पमधून सुटते, पंप टाकीतल्या टाकीत इंधन फिरवत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

इंजेक्टरमधली लबाडी जास्त महागात पडते. वरच्याच १९५ लीटरच्या हिशोबाने चार सिलिंडरला, ८५ टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरून, प्रत्येकी ९५५ सीसी प्रति मिनिट लागतात, म्हणून १००० सीसीचा सेट. पण १००० सीसी ३ बारला की ४ बारला? ४ बारला १००० देणारा इंजेक्टर ३ बारला ८६६ च देतो. ही झाली सौम्य फसवणूक. या गाडीत कंपनीच्याच जुन्या इंजेक्टरची भोकं वाढवून नवे ओ-रिंग घातले होते. असा इंजेक्टर सलग उघडा ठेवला तर आकडा गाठतो, पण फवाऱ्याऐवजी धार मारतो, आणि लहान पल्सला (क्षणभराच्या उघडण्याला) चौघांचं प्रमाण चार तऱ्हेचं येतं. त्याचा डेड टाइमचा (सिग्नल मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंतच्या वेळेचा) तक्ता कुणाकडेच नसतो, म्हणून ट्यूनर (इंजिनाचा कॉम्प्युटर सेट करणारा) अंदाजाने आकडे भरतो. कुठल्याही इंजेक्टर क्लीनिंग मशीनवर हे पकडता येतं: ३ बारला १५ सेकंद सलग उघडे ठेवून प्रत्येकी २५० मिली, चौघांत दोन टक्क्यांहून जास्त फरक नाही. मग २ मिलिसेकंदांचे १००० पल्स देऊन पुन्हा तुलना. दुसरी चाचणी करायला टाळाटाळ झाली की सेट परत करा. भोकं वाढवलेले इंजेक्टर तिथेच उघडे पडतात.

'टेफ्लॉन लाइन' ही बाहेरून स्टीलची जाळी असलेली रबरी नळी होती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. कापलेल्या टोकाला टेफ्लॉनचं अस्तर कडक प्लास्टिकसारखं लागतं, आणि इंधनासाठी ते काळं, वीज वाहणारं हवं, नाहीतर स्थिर विजेने त्याला बारीक छिद्रं पडतात. फिटिंगही सांगतं: टेफ्लॉनच्या फिटिंगमध्ये आत एक छोटी वेगळी कडी असते, रबराच्या फिटिंगमध्ये नसते. फिल्टर कागदाचा नको. पंपानंतर १० मायक्रॉनचा स्टीलच्या जाळीचा किंवा ग्लास फायबरचा घ्या. फ्लेक्स सेन्सर लवकर तपासता येतो: तो ५० ते १५० हर्ट्झ देतो, ५० म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० म्हणजे शंभर. ई२० वर ७० च्या आसपास यायला हवं.

गॅरेजवाल्याने इंधनावर ढकललं होतं, तेही खोडता येतं. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या 'इथेनॉल १००' मध्ये सुमारे ९३ टक्के इथेनॉल असतं. ४० लीटर ई८५ साठी त्याचे साधारण ३५.६ लीटर आणि ई२० पेट्रोलचे ४.४ लीटर. मापाच्या काचेच्या नळीत ५० मिली इंधन आणि ५० मिली पाणी हलवून ठेवा. ई८५ असेल तर खालचा थर ९२ मिलीच्या जवळ येतो. या गाडीच्या टाकीतलं इंधन बरोबर निघालं. कॅनमधून सुटं विकलं जाणारं 'रेसिंग इथेनॉल' मात्र घेऊच नका. त्यात मिथेनॉल असेल तर ते ॲल्युमिनियम खातं, आणि पाण्याच्या या चाचणीत ते ओळखू येत नाही.

पैसे चुकते करण्याआधी एकच पुरावा मागा: ई८५ वर, पूर्ण बूस्टला घेतलेला लॉग, ज्यात रेलचा दाब, मॅनिफोल्डचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा) दाब आणि लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) एकाच आलेखावर आहेत. रेलच्या दाबातून मॅनिफोल्डचा दाब वजा केला की आरपीएमच्या शेवटापर्यंत ३ बार टिकले पाहिजेत. ते २.५ वर घसरले की पंप, वायर किंवा फिल्टर कमी पडतोय, मग हॉर्सपॉवर कितीही छापलेली असो. इथेनॉल नॉक (इंधन वेळेआधी पेटून होणारी ठोकर) उशिरा दाखवतं, त्यामुळे लीन (इंधन कमी पडत) चाललेली गाडी कानाला ठणठणीत वाटते आणि पिस्टन आधी जातो. ४०० ला मूळ कनेक्टिंग रॉडही पुरत नाहीत. त्यांचा विषय न काढता पॅकेज विकणारा ट्यूनर विश्वासाचा नाही.

फसवणूक झालीच असेल तर त्याच गॅरेजला गाडी उघडू देऊ नका, सुटे भाग त्याच्याकडे 'बदलून देतो' म्हणून सोडू नका. दुसऱ्या ठिकाणी उघडताना पंप निघण्यापासून फोटो आणि व्हिडिओ घ्या, मापाचा लेखी अहवाल सहीनिशी घ्या, यूपीआयचे व्यवहार आणि चॅट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जावं लागतं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपेक्षा वेगळा बदल रस्त्यावर चालत नाही, समोरचा वकील ते काढणारच. म्हणून तक्रारीत मुद्दा नेमका ठेवा: बिलावर लिहिलेली वस्तू दिलेली नाही.